वरणाचं पाणी नको, वरण द्या

श्रोतेहो, नमस्कार.

मूल हडकलं की घरात लगेच कळतं. उंची खुंटलेली मात्र कळत नाही, कारण वाडीतली बरीचशी मुलं तेवढीच असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली 35 मुलं वयाच्या मानानं बुटकी निघाली. आधीच्या फेरीत 34 होती. म्हणजे जिथल्या तिथेच. जन्मताना साधारण 50 सेंटिमीटरचं मूल वर्षाचं होईतो 75 च्या आसपास जातं. वर्षात दीडपट! आणि नेमकं तेव्हाच आपण त्याला पाणी पाजतो.

पाणी कसलं, ते सांगते. अकोले तालुक्यातली एक वाडी. अंगणवाडीच्या ताई गृहभेटीला निघालेल्या, मी त्यांच्या मागोमाग. एका ओट्यावर दोन चुलत भावंडं बसलेली. मी सहज म्हटलं, "हा थोरला ना?" आजी म्हणाल्या, "न्हाई बाई, ती बारकी दिसते ना, तीच थोरली. तिचा बाप बी बुटकाच हाये, त्याच्यावर गेली."

ताईंनी वाद घातला नाही. "आज काय भरवलं हिला?"

"वरणाचं पाणी. हलकं असतंय पोटाला."

ताईंनी पातेलं मागून घेतलं. न ढवळता वरचं पाणी एका ताटलीत घेतलं, तळाची डाळ दुसरीत. दोन्ही ताटल्या तिरक्या केल्या. पाणी घळकन अंगणात गेलं, डाळ जागची हलेना. पाणी सांडलं तिथे एक कोंबडी धावत आली, दोन चोची मारल्या आणि तशीच निघून गेली.

ताई म्हणाल्या, "आजी, आबा औताला निघाले की भाकर बांधून देता का भाकरीचं पाणी?"

आजी तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. मग त्यांनीच ती डाळ भातात बोटांनी कुस्करली, वर चमचाभर तेल सोडलं आणि नातीला घास दिला. नातीनं तो थुंकला. ताई म्हणाल्या, "थुंकू दे. अजून भरवा."

तर पातळ नाही, घट्ट. पुन्हा सांगते, पातळ नाही, घट्ट. सहा महिने पूर्ण झाले की अंगावरचं दूध चालू ठेवून डाळभात, नागलीची घट्ट खीर, अंडं. सुरुवातीला दिवसातून दोन-तीनदा, पुढे तीन-चारदा. एवढंसं पोट पाण्यानं भरलं तर डाळीला जागा कुठे उरणार? आणि चहात बुडवलेलं बिस्कीट म्हणजे जेवण नव्हे.

दुधाचं तर बोलूच नये. दावणीला दोन गाई, सगळं दूध डेअरीला आणि घरात कोरा चहा! परसातला शेवगा तोडून तिथे पेव्हर ब्लॉक बसवले, ते वेगळंच. असो.

आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून मुलांना अंडी, केळी मिळतात. ती घरी नेऊन चौघांत वाटू नका, ज्याची त्याला द्या.

अंगणवाडीत गेलात की वजनाबरोबर उंचीही मोजायला सांगा. दोन वर्षांखालचं मूल आडवं निजवून मोजतात. ते रडेल, पाय आखडेल. गुडघे हलकेच दाबून सरळ धरा, नाहीतर माप कमी भरतं.