बऱ्या झालेल्या बाया कुठे आहेत? (लघुपटाचं निवेदन)

(दृश्य : परळ, सकाळची वेळ. टाटा मेमोरियल रुग्णालयासमोरचा फूटपाथ. काखेत फाइली, हातात पाण्याच्या बाटल्या घेऊन रस्ता ओलांडणारी माणसं.)

परळचा हा रस्ता महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्याला माहीत आहे. १९४१ साली सर दोराबजी टाटा ट्रस्टने इथे हे रुग्णालय सुरू केलं. आजही ‘तिला टाटाला नेलंय’ असं कुणी सांगितलं, की ऐकणारा पुढचं विचारत नाही. काय ते समजलं, असं धरून चालतो.

कोणत्याही घरात विचारून पाहा. तुमच्या नात्यात, शेजारात कुणाला स्तनाचा कर्करोग झाला होता का? बहुतेक ठिकाणी गेलेल्या बाईचीच आठवण निघते. एखादी आत्या, चाळीतल्या काकू, शाळेतल्या बाई. ‘फार हाल झाले हो तिचे, पोरं लहान होती.’ हे खरंच असतं, आणि त्या दुःखाचा मान राखायलाच हवा. पण त्याच चाळीत, त्याच नात्यात, हाच आजार होऊन पंधरा-वीस वर्षं संसार केलेली, नातवंडं खेळवलेली एखादी बाई असते आणि तिच्याबद्दल कुणाला पत्ताच नसतो.

कारण ती सांगत नाही. पुष्कळदा घरचेच सांगू देत नाहीत.

(दृश्य : स्वयंपाकघर. पाठमोरी बाई, डोक्यावर पदर.)

ऑपरेशन झालं तेव्हा नातेवाइकांना सांगितलं, ‘पिशवी काढली.’ केस गेले तेव्हा सांगितलं, ‘टायफॉइड झाला होता.’ घरात लग्नाची मुलगी असेल तर सगळ्यांची तोंडं आणखीच घट्ट मिटतात. आईला हे होतं असं कळलं तर स्थळं येतील का, ही धास्ती. वास्तविक स्तनाच्या कर्करोगांपैकी साधारण ५ ते १० टक्केच आईवडिलांकडून आलेल्या जनुकातल्या बिघाडामुळे होतात. पण हे सांगायचं कुणी आणि कुणाला? मग बरी झालेली बाई गप्प राहते, गेलेल्या बाईची गोष्ट गावभर होते आणि जिला परवाच गाठ लागली आहे, तिच्या कानावर ती एकच गोष्ट पडते.

ती एकच गोष्ट ऐकून बाई घाबरते, आणि घाबरलेली बाई डॉक्टरकडे जायचं पुढे ढकलते. दिवाळी होऊ दे, पोराची परीक्षा होऊ दे, लावणी उरकू दे. आम्हाला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याची.

(दृश्य : पडद्यावर आकडे, एकामागून एक.)

२०२२ साली भारतात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण होते आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाले, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. देशातल्या ११ कर्करोग नोंदणी केंद्रांनी २०१२ ते २०१५ या काळात निदान झालेल्या स्त्रियांचा मागोवा घेतला, तेव्हा ५ वर्षांनी शंभरातल्या सुमारे ६६ जणी हयात होत्या. या सरासरीच्या आत डोकावलं तर मोठा फरक दिसतो. गाठ स्तनापुरतीच असताना उपचार झाले, तिथे हे प्रमाण ८१ टक्के होतं. आजार लांबच्या अवयवांत पोचल्यावर निदान झालं, तिथे ते १८ टक्क्यांवर आलं.

म्हणून टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांमध्ये केलेलं एक काम इथे सांगायलाच हवं. १९९८ साली ते सुरू झालं. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया त्यात होत्या. प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका त्यांतल्या निम्म्या वस्त्यांमधल्या स्त्रियांची दर दोन वर्षांनी, फक्त हाताने, स्तनांची तपासणी करत होत्या. स्तनांचा एक्स-रे काढणारं मॅमोग्राफीचं यंत्र नाही, मोठं दवाखान्याचं काम नाही. दोन दशकांनंतर, २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले होते. त्याहून लहान वयाच्या स्त्रियांमध्ये मात्र तसा फरक दिसला नाही, हेही त्यांनी स्पष्ट मांडलं. आज मुंबईच्या एखाद्या वस्तीत धुणं वाळत घालणारी सत्तरीची आजी, त्या सेविकेने दार वाजवलं म्हणून आपल्यात असू शकते.

(दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं. १९५०च्या दशकातलं न्यूयॉर्क.)

आजारातून उठलेल्या बाईने आजारी बाईला जाऊन भेटावं, ही कल्पना आज साधी वाटते. ती कुणीतरी भांडून रुजवलेली आहे.

१९५२ साली न्यूयॉर्कमध्ये टेरीस लॅसर या स्त्रीवर शस्त्रक्रिया झाली. त्या काळी स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही काढून टाकत. शुद्धीवर आल्यावर तिच्या मनात प्रश्नांची रांग लागली. हात वर जाईल का? कपडे कसे घालायचे? नवऱ्याला, मुलांना काय सांगायचं? उत्तर देणारं कुणी नव्हतं. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, एवढ्यावर विषय संपत होता. मग ती स्वतःच इतर पेशंट बायकांच्या खाटांपाशी जाऊन बसू लागली. बऱ्याच डॉक्टरांना हे रुचलं नाही. डॉक्टर नसलेल्या बाईने पेशंटशी बोलायचं म्हणजे काय, असा त्यांचा आक्षेप. तिने सोडलं नाही. तिच्या या कामाला ‘रीच टू रिकव्हरी’ हे नाव मिळालं. १९६९ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने ते आपल्याकडे घेतलं आणि पुढे ते अनेक देशांत पोचलं.

(दृश्य : भिंत. तिच्यावर टेकलेला हात, हळूहळू वर सरकणारी बोटं.)

हात मोकळा करण्याचा एक व्यायाम आज परळला, पुण्यात, नागपुरात, सगळीकडे शिकवतात. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. बोटांची टोकं भिंतीला लावायची आणि एकेक बोट उचलत हात वर चढवायचा. काखेत ताण यायला लागतो. टाके ओढल्यासारखं वाटतं. जिथे थांबावं लागेल तिथे पेन्सिलीने खूण करायची. दुसऱ्या दिवशी ती खूण ओलांडली तर छानच, नाही तर परवा.

फिजिओथेरपिस्ट हे सगळं नीट समजावून सांगते. पण वीस वर्षांपूर्वी याच खुणा केलेली बाई शेजारी उभी राहते, दोन्ही हात मागे नेऊन सहज अंबाडा घालते, वरच्या फळीवरचा डबा खाली काढते, तेव्हा नव्या बाईची नजर त्या हातावरून हलत नाही. शस्त्रक्रिया झालेला हात कोणता, हे तिला ओळखता येत नाही. विचारावं लागतं.

असंच ब्लाउजचंही आहे. एका बाजूला पोकळी राहते, वजनाचा तोल जातो, खांदा झुकतो. कुणाला विचारायचं? टेलरला सांगायची लाज वाटते. जुन्या बाया सांगतात, अगं, आतून खण शिवून घे. आता सुती दोऱ्याचे, क्रोशाने विणलेले मऊ कृत्रिम स्तनही मिळतात. ते विणून विनामूल्य देणाऱ्या बायका मुंबई-ठाण्याकडे आहेत. हातात घेतलं की लोकरीच्या टोपीइतकं हलकं. धुवायचं, वाळवायचं, पुन्हा घालायचं.

(दृश्य : १९७४. वृत्तपत्रांची मुखपृष्ठं.)

गुपित उघडं केल्याने काय होतं, याचं मोठं उदाहरण १९७४चं आहे. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांच्यावर २८ सप्टेंबरला शस्त्रक्रिया झाली. तेव्हा त्या छप्पन्न वर्षांच्या होत्या. त्या काळी वर्तमानपत्रांतही या आजाराबद्दल मोकळेपणाने लिहीत नसत. फोर्ड यांनी काही लपवलं नाही. देशभरातल्या बायका तपासणीसाठी दवाखान्यांत जाऊ लागल्या. थोड्याच दिवसांत उपराष्ट्राध्यक्षपदासाठी नाव पुढे आलेल्या नेल्सन रॉकफेलर यांच्या पत्नी हॅपी यांना स्वतःला गाठ लागली आणि त्यांचीही शस्त्रक्रिया झाली. बेटी फोर्ड २०११ साली, वयाच्या ९३व्या वर्षी वारल्या. हॅपी रॉकफेलर २०१५पर्यंत जगल्या. आपल्याकडे अभिनेत्री मुमताज यांनी आपल्या आजाराबद्दल मोकळेपणी सांगितलं, त्यालाही आता वीस वर्षं होऊन गेली.

या जुन्या नावांकडे बघताना आम्हाला सर्वांत मोलाची वाटली ती गोष्ट वेगळीच आहे. आज जिला आजारातून उठून वीस-पंचवीस वर्षं झाली, ती त्या काळच्या उपचारांवर जगली. आज फाइल काढणाऱ्या बाईला त्याहून अधिक मिळतं. गाठ लहान असेल तर पूर्ण स्तन न काढताही तितकीच वर्षं मिळतात, हे बर्नार्ड फिशर यांच्या अभ्यासाने दाखवलं. १९८५ साली पहिले निष्कर्ष आले, आणि २००२ मध्ये २० वर्षांच्या पाठपुराव्यानंतरही ते टिकले. काही जणींच्या गाठीत एचईआर-२ हे प्रथिन जास्त असतं आणि आजार झपाट्याने वाढतो. त्यावरचं ट्रास्टुझुमॅब हे औषध १९९८ साली अमेरिकेत आलं, तेव्हा त्याची किंमत आपल्या आवाक्याबाहेरची होती. २०१४ साली बेंगळुरूच्या बायोकॉनने त्याचा भारतीय पर्याय बाजारात आणला.

आणि २०२३ साली टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या चमूने जे दाखवलं, ते ऐकून अभिमान वाटतो. गाठ काढण्याच्या थोडं आधी तिच्याभोवती भूल देण्याचं लिडोकेन हे साधं, स्वस्त इंजेक्शन द्यायचं, एवढंच. सुमारे १,६०० स्त्रियांवर हा प्रयोग झाला. ५ वर्षांनंतर इंजेक्शन न मिळालेल्यांपैकी ८६.४ टक्के हयात होत्या. ते मिळालेल्यांपैकी ९०.१ टक्के.

(दृश्य : दादर. गाडगे महाराज धर्मशाळा. व्हरांड्यात वाळत घातलेले कपडे, स्टीलचे डबे.)

दादरच्या या धर्मशाळेत टाटाचे पेशंट आणि त्यांच्याबरोबरची माणसं उतरतात. विदर्भातली, मराठवाड्यातली, बिहार-बंगालमधलीही. कुणी पहिल्यांदा आलेली, कुणी वार्षिक तपासणीला. संध्याकाळी बोलणं सुरू होतं ते नाव-गाव विचारून नव्हे. ‘तुझी कितवी?’ केमो कितवी, हा प्रश्न. ‘तिसरी.’ ‘मग आता तोंड येईल. मीठ-सोड्याच्या पाण्याने चुळा भर, मऊ भात खा. ताप आला तर रात्र काढू नकोस, लगेच दाखव.’ केस परत येतात का, हा प्रश्न हमखास येतो. येतात. पहिल्यांदा कधीकधी कुरळेही येतात. ज्या बाईचे आयुष्यभर सरळ होते ती कुरळ्या केसांचा फोटो मोबाइलमध्ये दाखवते आणि दोघी हसतात.

अशा हसण्याची किंमत आम्ही फार मोठी धरतो. पण काही गोष्टी सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

जगली ती जिद्दीची आणि गेली ती कमी पडली, असं कुणी म्हणू नये. सारख्याच हिमतीच्या, सारखेच उपचार घेतलेल्या दोघींपैकी एक जाते. गाठीचा प्रकार, टप्पा, तालुक्यातून मुंबईला पोचायला लागलेले महिने, हातात असलेला पैसा, यावर पुष्कळ अवलंबून असतं. गेलेल्या बाईवर हा दोष ठेवणं क्रूरपणाचं आहे.

आशेचा बाजारही मांडला जातो. ‘ऑपरेशन करू नका, आमच्या काढ्याने शंभर बऱ्या झाल्या’ असं सांगणाऱ्याला विचारा, त्यांच्या बायोप्सीचे रिपोर्ट कुठे आहेत? काढ्यात गेलेले सहा महिने परत मिळत नाहीत. ज्यांनी वर्षानुवर्षं काढली त्यांच्या फाइली बघा. ऑपरेशन, केमो, लाइट (म्हणजे रेडिएशन), आणि गाठ हार्मोनवर वाढणारी असेल तर मग ५ वर्षं, काही जणींना १० वर्षं, रोज न चुकता घेतलेली टॅमॉक्सिफेनसारखी गोळी.

आणि ५ वर्षं झाली म्हणजे आपण सुटलो, असंही नाही. हार्मोनवर वाढणाऱ्या गाठींमध्ये आजार पंधरा-वीस वर्षांनीही उलटू शकतो. म्हणून जुन्या बाया तपासणी सोडत नाहीत. आजार हाडांत किंवा यकृतात पोचल्यावरही औषधांवर वर्षानुवर्षं घर चालवणाऱ्या, नोकरी करणाऱ्या स्त्रियाही याच रांगेत असतात. बरी झाले, असं त्या म्हणत नाहीत. त्यांनाही या लघुपटात जागा आहे.

(दृश्य : बाकावर बसलेल्या दोघी. एकीच्या डोक्याला रुमाल, दुसरीच्या केसांत पांढरी बट.)

नवी बाई शेवटी एक प्रश्न विचारते. तो डॉक्टरला विचारायचा धीर होत नाही. ‘मावशी, परत होईल का हो?’

मावशी खोटं बोलत नाही. म्हणते, ‘ते मला नाही सांगता यायचं गं. तपासणीच्या आदल्या रात्री मला अजून झोप लागत नाही. पण सकाळी उठून मी येते.’ मग फाइल बाजूला ठेवते आणि विचारते, ‘उद्या केमोला तुझ्याबरोबर कोण आहे?’