भिंतीची पाठ

टेकडीवरचं घर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आधी गच्ची येते. संध्याकाळची वेळ, खाली शहराचे दिवे, एका अंगाला उतरत गेलेली बाग. माझा जन्म असल्या घरांचे पाये घालण्यात गेला, त्यामुळे सवय जरा वाकडी झाली आहे. कुणी हौसेनं गच्ची दाखवायला नेलं की मी कठड्यावरून वाकून खालच्या भिंतीचा पाय शोधतो. यजमानांना वाटतं, काकांना चक्कर आली.

विषय मोठा आहे. मी त्यातल्या एकाच गोष्टीवर बोलणार आहे: बागेला धरून ठेवणारी भिंत. तीही मागच्या बाजूनं, म्हणजे जी बाजू बांधून झाल्यावर पुन्हा कधी कुणाला दिसत नाही.

इटलीतल्या फ्लॉरेन्स शहराच्या माथ्यावर फिएझोलेची टेकडी आहे. पंधराव्या शतकाच्या मध्याला तिथल्या मेदिची या सावकार घराण्याच्या कोझिमोचा मुलगा जोव्हान्नी यानं तिथे घर बांधलं. त्याआधीची मेदिचींची खेड्यातली घरं म्हणजे जवळपास गढ्याच होत्या, भोवती स्वतःची शेतं. या घराभोवती मोठी शेती नव्हती. ते मुख्यतः बसून खाली बघण्यासाठी होतं. बापाला हे काही रुचलं नसावं. कोझिमो म्हणे असं म्हणायचा की, आपल्या जुन्या काफाज्जोलोच्या घरातून दिसणारा देखावाच चांगला, कारण तिथून जे जे दिसतं ते सगळं आपल्या मालकीचं आहे! सावकाराला शोभेल असंच बोलणं.

पण मला या घराची दुसरीच गोष्ट आवडते. सोळाव्या शतकात कलावंतांची चरित्रं लिहिणारा वासारी या घराचं श्रेय मिकेलोत्सो या वास्तुकाराला देतो. तो सांगतो, खालच्या बाजूचा पाया टेकडीच्या कड्यात घालायला अतोनात खर्च आला, पण तो वाया गेला नाही, कारण त्या खालच्या भागात कमानी टाकून तळघरं, तबेले आणि द्राक्षारसाची कोठारं केली. उतारावर बांधणाऱ्यानं हे घोकून ठेवावं असं मी म्हणेन. घराची पुढची बाजू उचलून धरायला एक मजलाभर बांधकाम लागणारच. तिथे माती कोंबून भिंतीवर भार टाकायचा की पोकळी ठेवून खोल्या करायच्या, हे तुमच्या हातात असतं. कोंबलेली माती भिंतीला रात्रंदिवस ढकलते. खोली ढकलत नाही.

आता ही ढकल किती, ते बघू. तीन मीटर उंच भिंत घ्या आणि तिच्या मागे साधी, निचरा झालेली, भुरभुरीत माती. दर मीटर लांबीला ही माती साधारण पावणेतीन टनांनी भिंतीला रेटते. आता कल्पना करा, पाऊस झाला, पाणी मागे साचलं आणि भिंतीच्या डोक्यापर्यंत आलं. मातीचं स्वतःचं वजन पाण्यात हलकं होतं, तिचा रेटा निम्म्यावर येतो, पण पाणी एकटंच साडेचार टनांनी ढकलायला लागतं. एकूण रेटा दुपटीवर जातो. भिंत तीच, माती तीच. म्हणून सांगतो, या भिंती बहुतेक वेळा मातीनं पडत नाहीत, त्या पाण्यानं पडतात.

मातीचा रेटा पहिल्यांदा नीट हिशेबात बसवला तो कुलोम नावाच्या फ्रेंच माणसानं. विजेच्या धड्यातला कुलोम तो हाच. तरुणपणी तो लष्करी इंजिनिअर होता, मार्टिनीक बेटावर किल्ला बांधण्यात त्याची आठेक वर्षं गेली. परत आल्यावर, 1773 मध्ये, त्यानं पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे निबंध वाचला. त्यात त्यानं असं धरलं की, भिंत जरा हलली की तिच्या मागची पाचरीसारखी माती सुटून खाली घसरू बघते. अडीचशे वर्षांनंतरही आम्ही कागदावर तीच पाचर काढतो.

भरावाबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. उतारावर सपाट अंगण हवं तर वरची माती खणायची आणि खाली टाकायची, हा सगळ्यात स्वस्त मार्ग. घराचा अर्धा भाग मूळ जमिनीवर, अर्धा टाकलेल्या मातीवर. चार पावसाळ्यांत टाकलेली बाजू बसते आणि दोन्हींच्या सांध्यावर तिरपी चीर येते. ती लोक पुट्टीनं भरतात, रंग देतात, आणि पुढच्या वर्षी ती पुन्हा तिथेच उगवते. नुसती ओतलेली, थराथरानं न दाबलेली माती किती वाईट असू शकते, हे हाँगकाँगनं पाहिलं. 18 जून 1972 ला, काही दिवसांच्या मुसळधार पावसानंतर, साउ माउ पिंग इथला भराव सुटून 71 माणसं गेली. त्याच दिवशी संध्याकाळी पो शान रोडवरचा डोंगर खाली आला, एक अख्खी निवासी इमारत आडवी झाली, आणखी 67 गेली. 1976 मध्ये साउ माउ पिंगलाच आणखी एक भराव घसरला, 18 मृत्यू. तेव्हा कुठे 1977 साली तिथे उतारांवर देखरेख करणारं स्वतंत्र सरकारी कार्यालय निघालं.

जाता जाता एक गंमत. त्या शहरात उताराला पाणी मुरू नये म्हणून माती, चुना आणि सिमेंटचा गिलावा करायची जुनी रीत होती. त्या गिलाव्याला तिथे ‘चुनम’ म्हणत. शब्द आपल्याच चुन्याच्या गोतातला, कुठून कुठे गेला बघा.

आता माझी स्वतःची फजिती. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी एका घराच्या बागेची भिंत केली. हिशेब चोख होता. मागे एक फूट खडीचा थर, त्यापुढे पाणी बाहेर पडायला दर दीड मीटरवर तिरप्या नळ्या. दोन वर्षांनी निरोप आला, भिंत पोटाला फुगली. जाऊन बघतो तर एकही नळी दिसेना. त्या नळ्यांतून गढूळ पाणी येऊन पांढऱ्या रंगावर ओघळ पडत होते. रंगाऱ्यानं सगळी भोकं सिमेंटनं बुजवली होती, वर दोन हात रंग. सुंदर काम! चूक त्याची म्हणाल, तर मी नाही म्हणेन. ती भोकं कशासाठी आहेत हे मी घरच्यांना कधी सांगितलंच नव्हतं.

पावसाखेरीज भिंतीमागे शिरणारा दुसरा चोर म्हणजे बागेचं स्वतःचं पाणी. पाऊस वर्षातले काही महिने पडतो, हिरवळीला पाणी रोज घालतात. वरच्या पायरीवर हिरवळ, तिच्याखाली जमिनीत पुरलेली नळी, तिचा एक सांधा ठिबकतो. असं वर्षभर चाललं तरी कुणाला पत्ता लागत नाही, कारण हिरवळ उलट जास्तच छान दिसते. उतारावरच्या बागेत एक कोपरा बाकीच्यांपेक्षा हिरवागार दिसला की मी आनंदत नाही, पाण्याचा मीटर बघतो. आणि छतावरचं पाणी? हजार चौरस मीटर छत आणि अंगणावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर एक लाख लिटर होतात. ते पाणी पक्क्या गटारानं भिंतीला वळसा घालून खाली न्यायचं. ते भिंतीच्या डोक्यावर सोडून द्यायचं नाही.

झाडांच्या बाबतीत एवढंच. रात्री थंड हवा पाण्यासारखीच उताराखाली वाहते. उताराला आडवं दाट कुंपण घातलंत तर ती मागे तुंबते, आणि दव गोठणाऱ्या प्रदेशात तिथलीच रोपं आधी करपतात. कुंपणात खाली फट ठेवा.

एक चिठ्ठी आली आहे. ‘घर विकत घ्यायला जायचं आहे, काय बघू?’ भर पावसात जा. छत्री घ्या, गच्चीवर चढू नका, भिंतीच्या पायथ्याशी उभे राहा. नळ्यांतून स्वच्छ पाणी येत असेल तर बरं. गढूळ येत असेल तर मागची माती वाहून चालली आहे. आणि धो धो पाऊस असून नळ्या कोरड्या ठाक असतील, तर घरात जाण्याआधी मालकांना विचारा, रंग शेवटचा कधी दिला होता.