समोरच्यांच्या मांडवात

श्रोते हो, नमस्कार.

निवडणूक लागली की आपल्या खान्देशात बाजारपेठेच्या गावांची संध्याकाळ बदलून जाते. चौकात मांडव पडतो, रिक्षावरचा भोंगा गल्लीगल्लीतून सभेची वेळ सांगत फिरतो आणि घराघरांत एकच चौकशी चालते, आज सभा कोणाची? आपल्या माणसाची असेल तर जायचं, समोरच्याची असेल तर दार लोटून घ्यायचं, अशी आपल्याकडची रीत. मला आज बोलायचं आहे ते समोरच्याच्या सभेला जाण्याबद्दल.

मी एका पक्षाची कार्यकर्ती आहे. कोणत्या पक्षाची, ते सांगत नाही. विषयाला त्याची गरज नाही. विधानसभा असो, जिल्हा परिषद असो की नगरपालिका, विरोधी उमेदवाराच्या सभेला जाऊन बसायचं, शेवटपर्यंत ऐकायचं, वहीत टिपायचं आणि परत येऊन आपल्या प्रचार कार्यालयात सांगायचं, हे काम माझ्याकडे असतं. ते माझ्याकडे आलं मी बाई आहे म्हणून. पुरुष कार्यकर्ता समोरच्यांच्या सभेत दिसला की लगेच कुजबुज सुरू होते. हा फुटला की काय, हा गोंधळ घालायला आला की काय. बायकांच्या बैठकीत मी कोणाची वहिनी असते, कोणाची मावससासू असते. तालुक्यात नाती अशी गुंतलेलीच असतात. एका सभेत तर मला पाहून एका आजीने हातच धरला. "तू आठे कशी उनी वं? बठ, बठ," म्हणाली आणि सतरंजीवर सरकून जागा करून दिली. मी तिला सांगितलं, ऐकायला आले. कोणीही विचारलं तरी माझं उत्तर हेच असतं. पक्षाचं उपरणं मी घरी ठेवते, पण तोंड लपवून जात नाही. लपून ऐकणाऱ्याला अर्धंच ऐकू येतं, कारण त्याचं निम्मं लक्ष आपल्याकडे कोण बघतंय इकडे असतं.

आपल्या अनेक कार्यकर्त्यांना वाटतं, विरोधकाच्या सभेत जायचं ते त्याला अडवायला. उभं राहायचं, प्रश्न टाकायचा, घोषणा द्यायची, पत्रकं उधळायची. काही जण याला धाडस म्हणतात. आदर्श आचारसंहितेत याबद्दल अगदी स्पष्ट लिहिलेलं आहे. एका पक्षाच्या कार्यकर्त्यांनी किंवा हितचिंतकांनी दुसऱ्या पक्षाच्या सभेत तोंडी वा लेखी प्रश्न विचारून किंवा आपली पत्रकं वाटून व्यत्यय आणायचा नाही. जिथे एकाची सभा चालू आहे तिथून दुसऱ्याने मिरवणूक न्यायची नाही. एकाने लावलेली भित्तिपत्रकं दुसऱ्याने काढायची नाहीत. आणि आचारसंहितेच्या पलीकडे कायदाही आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१, त्याचं कलम १२७. सभेचं कामकाज बंद पाडण्यासाठी दंगा करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही. मला विचाराल तर शिक्षेची भीती नसती तरी मी गप्पच बसले असते. सभा त्यांची आहे. खुर्च्या त्यांनी मांडल्या, परवानगी त्यांनी काढली, बोलायची पाळी त्यांची. माझी पाळी उद्या संध्याकाळी आमच्या मांडवात येणारच असते.

तुम्ही कधी नीट पाहिलंत, तर अशा सभेत माझ्याशिवाय आणखीही कोणी निरीक्षण करत असतं. कडेला कॅमेरा घेऊन उभा असलेला माणूस निवडणूक यंत्रणेच्या व्हिडिओ पथकाचा असतो. मांडव केवढा, खुर्च्या किती, व्यासपीठ किती लांब, गाड्या किती आल्या, हे सगळं तो टिपतो. चहा-नाश्त्यापासून खुर्चीच्या भाड्यापर्यंत दर जिल्हा प्रशासनाने ठरवलेले असतात. त्यावरून हिशोब होतो आणि उमेदवाराने दाखवलेल्या खर्चाशी ताडून बघितला जातो. विधानसभेला आपल्या राज्यात उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये आहे. ते काम महत्त्वाचं आहे, पण ते माझं नाही. खुर्च्या मोजायला तो आहे. मी माणसं ऐकायला जाते.

यासाठी कुठे बसायचं, हे ठरवून घ्यावं लागतं. पहिल्या चार रांगा बहुतेक त्यांच्याच कार्यकर्त्यांच्या. तिथली टाळी वाक्य संपायच्या आधीच येते. मी बसते मधल्या भागात, बचत गटाच्या बायका असतात तिथे. आणि शेवटच्या अर्ध्या तासात उठून मागे जाते. मागे निंबाखाली, चहाच्या टपरीशी, मोटारसायकलला टेकून उभी असलेली माणसं कोणाचीच नसतात. ती जाता जाता थांबलेली असतात. कोणत्या वाक्याला त्यांनी मोबाइल खिशात टाकला आणि कोणत्या वाक्याला गाडीला किक मारली, हे मी लिहून ठेवते. वक्त्याचं भाषण हल्ली मोबाइलवर सगळं मिळतं. या माणसांचं काहीच मिळत नाही, म्हणून वही लागते.

एक उदाहरण सांगते. कापसाचा हंगाम होता. समोरचा वक्ता शेतीवर चांगलं बोलत होता. म्हणाला, २०२४-२५ साठी लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलला ७,५२१ रुपये हमीभाव जाहीर झाला आहे. पुढून टाळ्या आल्या. माझ्या दोन्ही बाजूंच्या बायकांनी हात उचलला नाही. त्यांचा कापूस गावातच गेला होता, व्यापारी गावात येऊन करतात त्या खेडा खरेदीत, हमीभावाच्या बराच खाली. हमीभावाने कापूस घेणाऱ्या सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर नंबर लागेपर्यंत थांबायची त्यांची ऐपत नव्हती. वेचणीची मजुरी रोख द्यायची होती, कृषी केंद्राची उधारी फेडायची होती. शिवाय केंद्रावर नेलेल्या कापसात ओलावा बारा टक्क्यांच्या वर निघाला तर गाडीभाडं अंगावर पडून माल परत आणायचा. एक जण पुटपुटली, "भाव कागदवर से, आमना हातमा नही."

त्या रात्री आमच्या कार्यालयात मंडळी वाट बघत होती. पहिला प्रश्न नेहमीचाच, गर्दी किती होती? दुसरा, आकडा खोटा सांगितला ना त्यांनी? दुसऱ्या दिवशीच्या आमच्या सभेत तो आकडा खोटा आहे, असं म्हणायचं घाटत होतं. मी म्हटलं, आकडा खरा आहे. त्याला हात लावू नका. बायका गप्प राहिल्या त्या आकड्यावर नाही, कापूस दसरा-दिवाळीला घरात येतो तेव्हा खरेदी केंद्र उघडलेलं नसतं यावर. केंद्रं कधी उघडणार, किती उघडणार, यावर बोला. थोडी कुरकुर झाली. आपल्या घरात बसून समोरच्याचं खरं म्हणणारी बाई कोणाला आवडत नाही. पण आमचे उमेदवार वयाने आणि अनुभवाने मोठे. "ताई, पुन्हा एकदा सांगा, काय म्हणाली ती?" असं त्यांनी विचारलं आणि दुसऱ्या दिवशी ते खरेदी केंद्रांवर बोलले. आमच्या सभेत मागची माणसं थांबली. समोरच्यांनाही मग त्याच प्रश्नावर यावं लागलं. वक्ते दोन होते, पण प्रश्न त्या बाईचा होता, आणि तो दोन्ही व्यासपीठांवर चढला. या कामाची मला किंमत वाटते ती याच्यासाठी.

तालुका बदलला की प्रश्न बदलतो. रावेर-यावलकडे केळी. बऱ्हाणपूरला निघालेला भाव आणि व्यापाऱ्याने बागेत येऊन दिलेला भाव, यांतलं अंतर तिथे प्रत्येकाला पाठ असतं. गिरणेच्या काठाला बलून बंधारे, म्हणजे नदीत फुगवून पाणी अडवायचे रबरी बंधारे, म्हटलं की म्हातारी माणसं हात झटकतात, इतक्या वेळा त्यांनी ते ऐकलं आहे. अमळनेरकडे निम्न तापीचं, पाडळसऱ्याच्या धरणाचं तेच. तिकडे सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याला, कामासाठी गुजरातेत गेलेली माणसं सभेला नसतातच. त्यांच्या बायका आणि म्हातारे असतात, आणि वक्ता रोजगारावर बोलायला लागला की ते एकदम सावरून बसतात. सभा कोणाचीही असो, हे बदलत नाही.

आणि धुळ्याला रेल्वे. मनमाड–इंदूर मार्गाचं नाव मी जितक्या भाषणांत ऐकलं, तितकं दुसऱ्या कोणत्याच कामाचं ऐकलं नसेल. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटरच्या या नव्या मार्गाला १८,०३६ कोटी रुपयांची मंजुरी दिली. ही मोठी गोष्ट आहे आणि समोरचा वक्ता ती सांगत असेल तर मी वहीत ती तशीच लिहिते. मात्र तो "मंजूर झाली" म्हणाला की "आली" म्हणाला, हा शब्दही लिहिते. मंजुरी, भूसंपादन, निविदा, रूळ, गाडी, या सगळ्या वेगळ्या पायऱ्या आहेत. भाषणाच्या भरात चार पायऱ्या एका दमात चढल्या जातात. हे समोरचे करतात, आमचेही करतात.

आता एक गोष्ट मनापासून सांगायची आहे, विशेषतः तरुण कार्यकर्त्यांना. ती क्लिपची. एका सभेत वक्ता म्हणाला, "काही जण म्हणतात, शेतकऱ्याला वीजबिलात सवलत कशाला? त्यांना मी विचारतो, रात्रीच्या पाळीची वीज घेऊन शेतात साप-विंचवात उभं राहून बघितलंय का?" आमच्यातल्या एका मुलाने रेकॉर्डिंग केलं होतं. त्यातलं "शेतकऱ्याला वीजबिलात सवलत कशाला" एवढंच कापून ग्रुपवर टाकायचं त्याने ठरवलं. मुलगा मनाने वाईट नाही. रात्रंदिवस प्रचारात राबतो, जेवणाची शुद्ध नसते. मी त्याला शेजारी बसवलं आणि म्हटलं, बाळा, त्या मांडवात पाचशे माणसं होती, त्यांनी पूर्ण वाक्य ऐकलंय. तुझी क्लिप त्यांच्याच मोबाइलवर जाणार आहे. ती बघून ते समोरच्याला नाही, तुला खोटं ठरवतील. आणि समजा, कोणालाच कळलं नाही, तरी तू त्या माणसाच्या तोंडी असं वाक्य घातलंस जे तो बोललाच नाही. मग उद्या आपल्या उमेदवाराच्या तोंडी कोणी काही घातलं, तर आपण कोणत्या तोंडाने ओरडणार? ती क्लिप गेली नाही. आचारसंहिता सांगते की टीका धोरणांवर, कार्यक्रमांवर, मागच्या कामावर करावी. पडताळणी न केलेल्या आरोपांवर किंवा विपर्यासावर करू नये. कापलेलं वाक्य म्हणजे विपर्यास, आणि तो करायला दोन मिनिटं लागतात, म्हणून तो आज सगळ्यांत घातक आहे.

जसं ऐकलं तसं लिहिणं सोपं नसतं. आपल्या मातीत याचं एक मोठं उदाहरण आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत, आणि अमळनेरच्या शाळेत शिकवलेले साने गुरुजी ते उतरवून घेत. विनोबांचे ते शब्द आपल्यापर्यंत पोहोचले ते गुरुजींच्या हातातून. धुळ्याला जाते तेव्हा मला ते आठवतं. गुरुजी लिहीत होते ते ज्यांच्यावर श्रद्धा आहे त्यांचं बोलणं. आम्हाला लिहायचं असतं ते ज्याला हरवायचं आहे त्याचं. तिथे हात आखडतो. त्याने केलेलं चांगलं काम लिहिताना शाई संपल्यासारखी वाटते, आणि त्याची चूक मात्र ठळक अक्षरात उतरते. म्हणून मी एक नियम पाळते. वक्ता जे सर्वांत चांगलं बोलला, ते आधी लिहायचं. तेच कार्यालयात आधी सांगायचं. ज्या पक्षाला समोरच्याची सर्वांत भक्कम बाजू माहीत नाही, तो पक्ष काल्पनिक शत्रूशी लढतो आणि मतदाराला त्यातून काहीच मिळत नाही.

आणखी एक. त्याच वहीत मी आमच्या उमेदवाराचं भाषणही लिहिते. पान डावीकडे समोरच्यांचं, उजवीकडे आमचं. पाण्यावर ते काय म्हणाले, आम्ही काय म्हणालो. आमच्याकडच्या कितीतरी गावांत नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे या एका ओळीला बायका सगळ्यांत आधी हात घालतात. विधानसभेला मतदान संपायच्या आधीचे ४८ तास सभा आणि भोंगे बंद असतात. त्या दिवसांत शेजारच्या बायका ओट्यावर येऊन बसतात आणि विचारतात, पाण्याचं कोण काय बोललं? मी दोन्ही पानं वाचून दाखवते. त्यांतल्या काही माझ्या पक्षाला मत देतात, काही देत नाहीत. निकालानंतर ती वही मी ठेवून देते. निवडून आलेला कोणत्याही बाजूचा असो, वर्षाने पाण्याच्या मोर्चात जाताना ती सोबत घेते, आणि त्याच्या वाक्याखाली सभेची तारीख लिहिलेली असते.

पुढच्या आठवड्यात तुमच्या गावात तुम्हाला न आवडणाऱ्या उमेदवाराची सभा असेल. जा. सोबत पेन घ्या, जरा मागे बसा आणि आभारप्रदर्शन होईपर्यंत उठू नका.

नमस्कार.