चाळिशी काढायला आलेला माणूस

[दृश्य: अक्षरांची पाटी. खुर्चीत एक आजोबा, एक डोळा तळहाताने झाकलेला.]

चाळिशी. वयालाही हाच शब्द आणि जवळच्या चष्म्यालाही हाच. पेपर लांब धरावा लागतो, सुईत दोरा ओवता येत नाही, म्हणून माणूस डोळ्यांच्या डॉक्टरकडे येतो. नंबर निघतो, दहा मिनिटांत तो बाहेर. काचबिंदू, म्हणजे डोळ्याची नस हळूहळू मारणारा आजार, वेळेत सापडायला याहून चांगली संधी नसते, आणि पुष्कळदा ती इथेच हुकते.

मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने तामिळनाडूच्या ग्रामीण भागात चाळिशी ओलांडलेल्या 5,150 जणांचे डोळे तपासले. निष्कर्ष 2003 साली प्रसिद्ध झाले. शंभरातल्या साधारण अडीच जणांना काचबिंदू निघाला. त्यातला जो नेहमीचा, सावकाश वाढणारा प्रकार, तो असलेल्यांपैकी 93 टक्के लोकांचं आधी निदानच झालेलं नव्हतं. आणि दर पाचातल्या एकाचा निदान एक डोळा तोवर गेलेला होता.

[दृश्य: डोळ्याचं रेखाचित्र.]

डोळ्याच्या पुढच्या भागात सतत पाणी तयार होतं आणि बुबुळाच्या कडेच्या कोनातून वाहून जातं. ती वाट तुंबली की दाब चढतो. मागे दहा-बारा लाख तंतूंची एक नस आहे, तिचे तंतू हळूहळू मरू लागतात. सहसा दुखत नाही, खुपत नाही. आधी कडेचं दिसणं जातं, मधलं बराच काळ शाबूत राहतं. म्हणून पाटीवरची शेवटची ओळ घडाघडा वाचणाऱ्याचाही काचबिंदू पुष्कळ पुढे गेलेला असू शकतो. मोतीबिंदू काढला की दिसायला लागतं. काचबिंदूत गेलेलं परत येत नाही.

मग डॉक्टरने करायचं काय? यात नवं काहीच नाही, आणि खरी गोची तिथेच आहे.

[दृश्य: अंधारी खोली. स्लिट लॅम्पचा, म्हणजे डोळा तपासायच्या सूक्ष्मदर्शकाचा, निळा उजेड.]

"हनुवटी इथे टेका. कपाळ पुढे. माझ्या कानाकडे बघा, पापणी मिटू नका."

डोळ्यात पिवळा रंग, समोर निळा उजेड, आणि दोन हिरवी अर्धवर्तुळं. त्यांच्या आतल्या कडा एकमेकींना टेकल्या की यंत्राच्या चकतीवर दाब वाचायचा. स्विस डॉक्टर हान्स गोल्डमान यांनी 1950च्या दशकात बसवून दिलेली ही पद्धत आजही प्रमाण मानतात. पण नुसत्या आकड्यावर विसंबलं की फसगत होते. दाब 21 (पाऱ्याचे मिलिमीटर) म्हणजे नॉर्मल, हे समीकरण आपल्याकडे इतकं घट्ट बसलंय की त्याखालचा आकडा आला की पुढची तपासणी थांबते. अमेरिकेत बाल्टिमोरच्या पाहणीत 1991 साली दिसलं होतं की काचबिंदू असलेल्या निम्म्याहून अधिक लोकांचा एका वेळी मोजलेला दाब 22च्या आतच होता. बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ असेल तर यंत्र दाब कमी दाखवतं, तो घोटाळा निराळाच.

पुढची पायरी गोनिओस्कोपी. भूल देणारा थेंब टाकून छोट्या आरशांची भिंग डोळ्यावर टेकवायची आणि पाणी वाहून नेणारा कोन उघडा आहे की मिटलेला, हे प्रत्यक्ष बघायचं. खोली अंधारी हवी, उजेडाची फट बाहुलीवर पडू द्यायची नाही. बाहुली आक्रसली की मिटलेला कोनसुद्धा उघडा भासतो. हे सगळं बाहुली मोठी करणारा थेंब घालण्याआधी. काम काही मिनिटांचं, पण हात बसायला शेकडो डोळे बघावे लागतात. ज्याला शिकताना ते बघायला मिळाले नाहीत, तो पुढे आयुष्यभर भिंग कपाटात ठेवतो. आणि मग मिटलेल्या कोनाच्या रुग्णाला लेझरऐवजी वर्षानुवर्षं नुसते दाब उतरवायचे थेंब मिळत राहतात.

[दृश्य: केसपेपरवर पेनाने काढलेलं वर्तुळ, आत लहान वर्तुळ.]

बाहुली मोठी झाल्यावर नस बघायची. गुलाबी चकती, मध्ये फिकट खळगा. तो किती मोठा, कुठल्या बाजूची कड झिजली, हे चित्र काढून ठेवायचं. आता नसेच्या तंतूंच्या थराची जाडी मोजणारं ओसीटीचं यंत्र रंगीत कागद देतं: हिरवं बरं, लाल वाईट. पण मोठा मायनस नंबर असलेल्यांच्या निरोगी डोळ्यातही ते लाल दाखवू शकतं. कागद वाचून सुरू केलेले थेंब माणूस जन्मभर घालत राहतो, आणि खर्च त्याचाच.

कागदावर लिहायची सवय श्रीमंत देशांतही कच्चीच. 2003 साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तर दाब किती आकड्यापर्यंत उतरवायचा, हे टार्गेट प्रेशर जवळजवळ कोणाच्याच कागदावर नव्हतं.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम 1976 साली सुरू झाला आणि त्याचा भर मोतीबिंदूवर राहिला. ते योग्यच होतं. पण शस्त्रक्रियांची संख्या मोजता येते. पंधरा वर्षं टिकून राहिलेलं दिसणं कुठल्या तक्त्यात भरायचं?

[दृश्य: पुन्हा तेच आजोबा. डॉक्टर लिहितायत.]

"आजोबा, दम्याचा त्रास आहे का?"

हा प्रश्न गप्पांचा नाही. दाब उतरवणाऱ्या टिमोलॉलचा थेंब डोळ्यात पडतो आणि नाकावाटे रक्तात उतरतो. दमेकऱ्याला तो जिवावर बेतू शकतो.

"मनाने कुठले थेंब घालत होता?"

"खाज सुटली की औषधाच्या दुकानातून आणतो."

डॉक्टर बाटली मागवून घेतात. स्टिरॉइड असेल तर दाब त्यानेही चढलेला असू शकतो.

"भावंडं किती?"

"चौघं. दोघं गावाला."

"पुढच्या खेपेला त्यांनाही आणा. सख्ख्या भावंडांना धोका जास्त असतो."

आजोबा उठतात. दारात मदतनीस पुढचा केसपेपर घेऊन उभी आहे. "नंबर काढायला आल्यात, डॉक्टर. बाकी काही त्रास नाही म्हणतायत."

"आत घे. आणि लाईट घालव."