दाराची मूठ

(दृश्य : सकाळचा उजेड. जमिनीवर एक बूट. नाडीशी काम करणारा एकच हात.)

बुटाची नाडी एका हाताने बांधता येते. नाडीच्या एका टोकाला गाठ मारायची, ती गाठ सगळ्यात खालच्या भोकात अडकवायची आणि उरलेली नाडी इकडून तिकडे, तिकडून इकडे ओवत वर न्यायची. शेवटच्या भोकातून बाहेर आली की तिचा छोटा फास करून खालच्या पदरात खोचायचा. झालं. ही पद्धत मला कुणी शिकवली नाही. सुट्टीतल्या एका दुपारी जिन्याच्या पायरीवर बसून, आधी रडून आणि मग चिडून, मीच ती शोधून काढली. तेव्हा मी आठ वर्षांची होते.

माझा डावा हात कोपराच्या खाली चार बोटांच्या अंतरावर संपतो. जन्मापासून. लोक म्हणतात, 'हात तुटला.' पण तुटायला तो आधी असावा लागतो. माझ्यासाठी हाताची लांबी एवढीच आहे, आणि मला ती कधी अर्धवट वाटली नाही. अर्धवट आहे, हे मला इतरांनी सांगितलं.

(दृश्य : रिकामा वर्ग. बाकांच्या रांगा.)

आपल्या भाषेत हात फार आहेत. मदत करायची तर हात द्यायचा, दमलं की हात टेकायचे, एखाद्या कामात कुणी तरबेज असलं की त्याचा त्यात हातखंडा. बेरजेतसुद्धा हातचा एक. आणि भांडण झालं की ठरलेली म्हण : एका हाताने टाळी वाजत नाही. तिसरीत असताना बाईंनी दोन मुलांना ही म्हण ऐकवली, आणि सगळा वर्ग मागे वळून माझ्याकडे बघायला लागला. बाईंच्याही उशिरा लक्षात आलं. त्या गप्प झाल्या, मुलं गप्प झाली. मी उजवा हात उचलला आणि मांडीवर जोरात आपटला.

वाजली की.

आजही कुठल्याही कार्यक्रमात मी अशीच टाळी वाजवते. शेजारचे दचकतात, इतकी मोठी वाजते.

(दृश्य : बागेतली मुलं. झोपाळे.)

लहान मुलं सरळ येऊन विचारतात, "तुझा हात कुठे गेला?" मला हा प्रश्न आवडतो. मी सांगते, "कुठे गेला नाही गं, एवढाच आला." त्यावर मूल दोन क्षण विचार करतं, हाताच्या टोकाला बोट लावून बघतं आणि खेळायला पळतं. तेवढ्यावर विषय संपतो. पण बहुतेक वेळा तो संपू दिला जात नाही. आई किंवा बाबा धावत येतात, मुलाचा दंड ओढतात आणि दबक्या आवाजात म्हणतात, "असं विचारू नये." त्यांचा हेतू चांगला असतो, मला ते कळतं. पण त्या क्षणी ते मूल काय शिकतं? की या बाईच्या अंगावर असं काहीतरी आहे, ज्याच्याबद्दल बोलायचं नसतं.

माझ्या आईलाही प्रश्न विचारले गेले. तिला विचारणारी मात्र मुलं नव्हती. गरोदरपणात काय खाल्लं होतंस? पडली होतीस का? कुठलं औषध घेतलंस? ती कितीतरी वर्षं स्वतःच्याच आठवणी चाळत बसली. मोठी झाल्यावर मी वाचलं आणि तिला समजावून सांगितलं. गर्भ साधारण चार आठवड्यांचा होतो, तेव्हा हातांच्या जागी दोन बारीक उंचवटे दिसू लागतात, झाडाला कोंब फुटावेत तसे. पायांचे कोंब एकदोन दिवस मागून येतात. आठव्या आठवड्याच्या सुमाराला बोटं सुटी झालेली असतात. म्हणजे आई होणार हे बाईला नीट कळेपर्यंत हातांचं पुष्कळसं काम उरकत आलेलं असतं. त्या काळात कधी कोंबाचा रक्तपुरवठा खंडित होतो, कधी गर्भाभोवतीच्या आवरणाचा तंतू त्याच्याभोवती आवळला जातो, कधी जनुकांत बदल असतो. पुष्कळदा कारण सापडतच नाही.

औषधामुळे असं झाल्याची सगळ्यात मोठी घटना जगाला माहीत आहे. थॅलिडोमाइड. झोपेसाठी आणि गरोदरपणातल्या मळमळीसाठी दिलं जाणारं हे औषध १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आलं आणि तिथे १९६१ च्या नोव्हेंबरमध्ये मागे घेतलं गेलं. तोवर अनेक देशांत मिळून १०,००० हून अधिक मुलं आखूड किंवा न वाढलेले हातपाय घेऊन जन्माला आली होती. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या अधिकारी बाईंनी पुरावा अपुरा आहे म्हणून परवानगी अडवून धरली, त्यामुळे तिथे तेव्हा ते औषध विक्रीला आलं नाही. जी मुलं जगली, ती पुढे भरपाईसाठी स्वतः उभी राहिली.

हे सगळं ऐकून झाल्यावर आई एवढंच म्हणाली, "म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं." मी तेव्हा बावीस वर्षांची होते. या एका वाक्यासाठी तिला बावीस वर्षं थांबावं लागलं.

(दृश्य : टेबलावर जुना कृत्रिम हात. पट्टे, तार, हुक.)

हा माझा पहिला कृत्रिम हात. खांदा पुढे ढकलला की पाठीवरून आलेली तार ओढली जाते आणि हुकाची दोन बोटं उघडतात. खांदा सैल सोडला की रबर ती मिटवतं. मोटार नाही, बॅटरी नाही. अशा दुभंगलेल्या हुकाचं पेटंट अमेरिकेत डॉरन्स नावाच्या माणसाने १९१२ मध्ये घेतलं. त्याचा स्वतःचा हात अपघातात गेला होता. म्हणूनच असेल, पण हे साधन दिसायला हातासारखं नाही आणि कामाला मात्र पक्कं आहे. इजिप्तमध्ये एका स्त्रीच्या ममीच्या पायाला लाकूड आणि चामड्याचा अंगठा सापडला आहे. तो सुमारे ३,००० वर्षांपूर्वीचा, आणि वापरून झिजलेला. केवळ शोभेची वस्तू अशी झिजत नाही.

हा हुक मी चार वर्षं घातला आणि मग काढून ठेवला. लोकांना याचं फार वाईट वाटतं. 'आता तर स्नायूंमधले विजेचे संदेश ओळखून बोटं हलवणारे हात निघालेत,' असं मला महिन्यातून एकदा तरी कुणीतरी कळवतं. निघालेत, उत्तम आहेत, आणि ज्यांना ते उपयोगी पडतात त्यांना ते मिळालेच पाहिजेत. पण माझ्या हाताच्या टोकाला त्वचा आहे. पाणी किती कढत आहे ते मला तिथे कळतं. कागद दाबून धरायचा, बाटली कोपरात अडकवून झाकण फिरवायचं, झोपलेल्या बाळाची मान सावरायची, हे सगळं मी त्या स्पर्शावर करते. कृत्रिम हाताची खोबण चढवली की तो स्पर्श आंधळा होतो. वर घाम, पुरळ आणि खांद्यावर पट्ट्यांचे वळ. जन्मतः असा हात असलेल्या कितीतरी मुलांना कृत्रिम हात मदतीपेक्षा अडथळाच वाटतो. अपघातात हात गेलेल्या माणसाची गरज वेगळी असते, पायाची तर अगदीच वेगळी. म्हणून आधी विचारावं लागतं.

जे दिसत नाही, तेही सांगते. माझा उजवा खांदा दुखतो. मनगट दुखतं. एक हात दोघांचं ओझं वाहतो, आणि त्याचं वय माझ्यापेक्षा लवकर वाढतं.

(दृश्य : कार्यालयाचा बोळ. बंद दार. गोल मूठ.)

आता या दाराकडे बघा. ही गोल मूठ. वर एक कडी. आतून दार उघडायचं तर दार घट्ट ओढून धरावं लागायचं, म्हणजे कडी सुटायची. एक हात दाराला, दुसरा कडीला.

नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात मी या दारामागे अडकले. स्वच्छतागृहात. हात ओला, मूठ गुळगुळीत, कडी गच्च. खांद्याने दार दाबलं, कोपराने मूठ धरून पाहिली, गुडघा लावला. वीस मिनिटांनी कुणीतरी आलं आणि बाहेरून दार ढकलून धरलं. दुपारी सगळे माझ्या टेबलाशी जमले. फार चांगली माणसं. म्हणाली, "अगं, आम्हाला हाक मारत जा ना. लाजायचं काय त्यात?" एकीने तर दर वेळी सोबत यायची तयारी दाखवली.

दार बदलू या, असं एकालाही सुचलं नाही.

मला सांगायचंय ते एवढंच आहे. माझा हात आहे तसाच राहणार. मूठ बदलता येते. चार स्क्रू काढायचे आणि चार बसवायचे. पण लोकांना माझी सोबत करणं सोपं वाटलं, मला शाबासकी देणं त्याहून सोपं, आणि चार स्क्रू मात्र सात महिने निघाले नाहीत. मी अर्ज केला, पुन्हा केला, दाराचा फोटो जोडला. शेवटी खाली दाबायचं लांब हँडल बसलं. त्या संध्याकाळी पलीकडच्या विभागातल्या एक वयस्कर बाई हळूच येऊन म्हणाल्या, "बरं झालं. माझी बोटं संधिवाताने वळत नाहीत. मी दुपारचं पाणीच पीत नव्हते." किती वर्षं? मी विचारलं नाही. मला धीर झाला नाही.

अमेरिकेत अपंगत्वाविषयीचा कायदा १९९० मध्ये झाला. त्याखालच्या बांधकामाच्या मानकांत दारांच्या मुठींबद्दल एक साधी अट आहे : ती एका हाताने चालवता आली पाहिजे, आणि त्यासाठी घट्ट पकडायला, चिमटीत धरायला किंवा मनगट पिळायला लागता कामा नये. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा परत परत वाचलं. 'एका हाताने.' कुणीतरी माझ्यासारखी व्यक्ती डोळ्यांसमोर ठेवून हे वाक्य लिहिलं होतं.

संयुक्त राष्ट्रांनी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारला, आणि ३ मे २००८ पासून तो लागू झाला. तो सांगतो की एखाद्याला त्याच्या गरजेपुरता वाजवी बदल करून देणं नाकारलं, तर तोही भेदभावच. म्हणजे मूठ बदलून मागणं ही विनंती उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात सुमारे १३० कोटी माणसं लक्षणीय अपंगत्वासह जगतात, साधारण दर सहा माणसांत एक. तरीही अंगठ्याचा ठसा घेणारं यंत्र मला अजून सांगतं : डावा अंगठा ठेवा. नाही, म्हटलं तर पुढचं पान उघडत नाही. समोरचा माणूस यंत्राकडे बघतो, माझ्याकडे बघतो, आणि मला म्हणतो, "काहीतरी प्रॉब्लेम आहे तुमच्यात." तो यंत्राला तसं म्हणत नाही.

(दृश्य : बैठक. टेबलावर पसरलेला इमारतीचा नकाशा. एक व्हीलचेअर, एक पांढरी काठी.)

आता मला अशा बैठकांना बोलावतात. सुरुवातीला मी एक प्रयोग करायचे : सगळ्यांना डावा हात खिशात घालायला सांगायचे आणि दार उघडायला लावायचे. मी तो बंद केला. दहा मिनिटं एक हात बांधून माणसाला फक्त पहिल्या दिवसाची असहायता कळते. माझ्या तीसेक वर्षांच्या युक्त्या कळत नाहीत. लोक डोळे पुसत बाहेर पडायचे आणि नकाशा तसाच राहायचा.

म्हणून आता मी एकटी जात नाही. व्हीलचेअर वापरणारा एक मित्र, पांढरी काठी घेऊन चालणारी एक मैत्रीण, कुबड्या वापरणारे एक काका, असे चौघं जातो आणि फाटकापासून चालायला लागतो. मागच्या महिन्यात एका इमारतीत उतार फार सुंदर बांधला होता. मित्र वर गेला. वर दार होतं, जड, बाहेर उघडणारं. दार उघडायचं तर खुर्ची मागे घ्यावी लागत होती, आणि मागे होता उतार. मी मदतीला गेले तर मूठ गोल. आम्ही दोघं त्या दाराशी उभे, आणि वास्तुविशारद खालून बघत होता. काही बोलावं लागलं नाही. त्याने नकाशा उलगडला आणि पायरीवर बसूनच खुणा करायला लागला.

'आमच्याविना आमच्याबद्दल काहीही नको.' अपंगांच्या चळवळीची ही घोषणा जगभर दिली जाते. माझ्यासाठी तिचा अर्थ असा आहे : पेन्सिल अजून हातात असताना आम्हाला बोलवा. सिमेंट वाळल्यावर फीत कापायला नको.

(दृश्य : धनुष्याची ताणलेली प्रत्यंचा.)

खेळाडूंची उदाहरणं मला नेहमी दिली जातात. पोलंडची टेबल टेनिसपटू नातालिया पार्टिका उजव्या कोपराखालच्या हाताशिवाय जन्मली, आणि २००८ मध्ये बीजिंगला ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक दोन्ही खेळली. तिरंदाज शीतल देवीला दोन्ही हात नाहीत. ती पायाने धनुष्य पेलते, खांद्याच्या जोरावर प्रत्यंचा ताणते, आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये तिने मिश्र सांघिक गटात कांस्यपदक मिळवलं. त्यांचा मला मनापासून अभिमान आहे. पण शीतलकडे बघताना माझी नजर तिच्या साधनांवरही जाते. तिच्या शरीराला जुळेल असं साधन कुणीतरी बसून तयार केलं. नियमांनी तिला पायाने धनुष्य धरू दिलं. तिची मेहनत तर आहेच, पण मेहनत बंद दारावर वाया जाऊ नये याचीही कुणीतरी काळजी घेतली.

ज्या मुलीला पदक मिळवायचं नाही, नुसतं शाळेत जायचंय, तिलाही हे मिळायला हवं.

(दृश्य : बागेतला बाक. सहा वर्षांची मुलगी, तिची आई.)

या मुलीचा उजवा हात मनगटाशी संपतो. आई फोनवर कृत्रिम हातांची चित्रं दाखवत मला विचारते, "ताई, कुठला घेऊ? बोटं हलणारा घेऊ, की हुबेहूब हातासारखा दिसणारा?"

मी म्हणते, "तिला विचारलंत?"

आई थांबते. मुलगी खाली बसून माझ्या बुटाची नाडी सोडत असते. तिने माझी पद्धत बघून घेतली आहे आणि ती तिला फारशी पसंत नाही. "मावशी, मी एक टोक दातात धरते. पटकन होतं."

आई तिच्याशेजारी उकिडवी बसते. "तुला कसला हात हवाय गं?"

"सायकलचं हँडल धरायला हवाय."

"आणि शाळेत घालायला?"

"शाळेत नको. शाळेत सगळ्यांना माहितीय."

आई फोन बंद करून पर्समध्ये ठेवते आणि पेन काढते. "सायकलचं हँडल केवढं जाड असतं?" ती विचारते. मुलगी हवेत तीन बोटं एकत्र धरून दाखवते.