इंदूरच्या पिनचं गोत्र

मंडळी, आजच्या निमंत्रणाचं पाकीट मी सोबत आणलंय. पत्त्याच्या शेवटी लिहिलंय, इंदूर ४५२००१. बाकीचा पत्ता तुमच्या पाठच आहे, मी या आकड्याबद्दल बोलणार आहे.

पिनची पद्धत आखली टपालखात्यातल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. माणूस संस्कृतचा पंडित. ती १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. पहिला अंक विभागाचा, आणि ४ च्या विभागात महाराष्ट्रही येतो, मध्य प्रदेशही. राज्यं वेगळी असली तरी टपालखात्यानं आपल्याला पुण्या-मुंबईच्या पंगतीला बसवलंय! पण आकड्याचे अवयव काय पडतात, हे पिन ठरवताना बघायचं कुणाला कारणच नव्हतं. ते आपण बघू.

अंकांची बेरीज १२, म्हणजे ३ चा भाग जातो. आता शाळेतली ११ ची कसोटी आठवा. एक सोडून एक अंक घ्या: ४, २, ० यांचे झाले ६. उरलेले ५, ०, १, त्यांचेही ६. फरक शून्य, ११ नेही भाग गेला. हाती उरले १३६९७.

इथे खरी मेहनत. ११७ चा वर्ग १३६८९, आपल्या संख्येहून जेमतेम आठनं कमी. म्हणून ११७ च्या आतल्या मूळ संख्या तपासल्या की पुरे. त्या तीस. काल रात्री मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. ८३ ला बाकी २ उरली. १०७ ला तर १२८ पटीत १३६९६ होतात, एकानं हुकलं! ११३ पर्यंत गेलो, एकाचाही भाग जाईना. तेव्हा १३६९७ मूळ, आणि आपला पिन ३ × ११ × १३६९७.

तीन वेगवेगळ्या मूळ संख्यांच्या अशा गुणाकाराला गणितात ग्रीक भाषेतल्या ‘पाचर’ या शब्दावरून नाव पडलंय. सगळ्यांत लहान पाचर ३०, म्हणजे २ × ३ × ५. अशा प्रत्येक संख्येला विभाजक आठच, कमी नाहीत नि जास्त नाहीत. आपल्या पिनचे, तो स्वतः सोडून, सातही विभाजक मिळवले तर २०५५०३ होतात, निम्म्यालाही पोचत नाहीत. ६ चे १, २, ३ मिळून पुन्हा ६ होतात, म्हणून ती परिपूर्ण. आपली संख्या न्यून. वाईट वाटून घेऊ नका, विषम संख्या बहुतेक अशाच.

मागून काकू विचारताहेत, आमच्या ग्वाल्हेरचं काय? ४७४००१. काकू, ४, ४, ० चे आठ आणि ७, ०, १ चेही आठच. इथेही ११! पुढे ४१ आणि १०५१, दोन्ही मूळ. तीच पाचर. निव्वळ योगायोग आहे हा, नाहीतर उद्या कुणीतरी यातून शिंदे-होळकरांची सोयरीक जुळवायला बसेल.