निळ्या कोपऱ्यातला बॉक्सर

हे हात बघा. सामन्याला अजून तासभर आहे, कोच समोर बसलाय, बॉक्सरचा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवलाय आणि गॉजचे वेढे चाललेत. आधी मनगट, मग तळहात, मग बोटांच्या गाठींवर घडी घालून जाड गादी, मग बोटांच्या मधून टेप. दर दोन वेढ्यांनी कोच विचारतो घट्ट होतंय का, हा मूठ मिटतो, उघडतो, मान हलवतो. ढिलं राहिलं तर हाड जातं, जास्त आवळलं तर बोटं बधिर होतात. मागे भिंतीला टेकून उभा आहे ना, तो समोरच्या टीमचा माणूस, टेपखाली काही कडक घातलं नाही ना एवढंच बघायला आलाय. शेवटी अधिकारी पट्टीवर पेनाने सही करतो आणि मगच ग्लोव्ह चढतात.

आज तिकिटं याच्या नावावर खपलेली नाहीत. ज्याच्यासाठी पब्लिक आलंय तो सहसा लाल कोपऱ्यात असतो, नवा, एकही सामना न हरलेला, आणि त्याचं रेकॉर्ड वाढवायचं तर समोर कोणीतरी चार राउंड उभा राहणारा लागतो. तो हा. कधीकधी दोन दिवस आधी फोन येतो. म्हणून हा वर्षभर वजनाच्या जवळच राहतो, बाकीच्यांसारखं शेवटच्या आठवड्यात मीठ-पाणी तोडून, घाम काढून उतरवायला याला वेळच मिळत नाही. काट्यावर चढताना याचा चेहरा बघा, काहीच टेन्शन नाही.

लोक अशांना हरणारे म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही. ब्रिटनचा पीटर बकली 1989 ते 2008 खेळला, 300 प्रो सामने, त्यातले 256 हरला. नसीम हमीद वर्ल्ड चॅम्पियन व्हायच्या आधी दोनदा याच बकलीसमोर उभा राहिलाय. नव्या पोराला रिंगमध्ये खरं शिकवतात ते हेच लोक, आणि ते कसं शिकवतात ते आता दिसेल.

तिसरा राउंड. हनुवटी डाव्या खांद्यामागे गेलीय. नजर समोरच्याच्या हातावर नाही, छातीवर आहे, कारण ठोसा निघायच्या आधी खांदा हलतो. पोरगा जोरात आत येतो, हा अर्धं पाऊल बाजूला सरकतो, दंड धरून त्याला फिरवतो आणि आता दोरांना पाठ पोराची लागलीय. परत बघा, स्लोमध्ये. त्याच फिरण्यात एक छोटा उजवा ठोसा बरगडीत गेलाय, हॉलमध्ये कोणाला कळलासुद्धा नाही, पोराचं कोपर मात्र लगेच खाली आलं आणि राउंड संपेपर्यंत ते खालीच राहिलं.

घंटा. साठ सेकंद. स्टूल, पाण्याचा एक घोट, भुवईवरच्या कापावर अ‍ॅड्रेनलिनमध्ये भिजवलेला बोळा दाबून धरलाय, वरून व्हॅसलिन, आणि कोच फक्त एकच गोष्ट सांगतोय, पुढच्या पायावर लक्ष ठेव.

या खेळात जीवही जातो. 1982 मध्ये लास व्हेगासला 14व्या राउंडमध्ये पडलेला कोरियाचा किम डुक-कू काही दिवसांनी गेला, त्यानंतर टायटलच्या लढती 15 वरून 12 राउंडवर आल्या, आणि डोक्याला वर्षानुवर्षं बसणाऱ्या ठोशांमुळे पुढे काय होतं ते डॉक्टर 1928 पासून लिहितायत.

चौथा राउंड संपलाय. रेफ्री मध्ये उभा, दोघांची मनगटं धरलेली. हात पोराचा वर जातो.

ड्रेसिंग रूम. कात्री मनगटापासून वर सरकते, सगळी पट्टी एकदम निघते आणि टेबलावर तशीच मुठीच्या आकारात पडून राहते. हा कोचला विचारतो, किती दिले.

39-37. म्हणजे चारातला एक राउंड याचा.

"तिसरा," हा म्हणतो, आणि बोटं चोळायला लागतो.